शाफ्टच्या ग्लँडमध्ये टेफ्लॉन पॅकिंग : एक मोसम वापरल्यावर

पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा ग्लँड असतो. त्यातली ग्रीस लावलेली सुती दोरी (पॅकिंग) काढून विणलेली, चौकोनी टेफ्लॉनची दोरी घातली ती जुलैअखेर, मासेमारीबंदी उठायच्या तोंडावर. बोट लाकडी ट्रॉलर, शाफ्ट 50 मिमी स्टेनलेसचा. फेब्रुवारीपर्यंतचा अनुभव सांगायचा तर माल उत्तम, पण सुती दोरी आवळायची सवय असलेल्या हाताला तो मानवत नाही.

जाडी काढायची ती ग्लँडच्या घराचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन. इथे 70 वजा 50 म्हणजे 20, त्याचं निम्मं 10 मिमी. दुकानात 12 ची असेल तर ‘ठोकून बसते’ असं ऐकवतात. बसते खरी, पण पहिल्याच तासात तापते.

जुनी दोरी बोट वर चढवलेली असतानाच काढावी आणि शेवटच्या कड्यापर्यंत (शाफ्टभोवती बसणाऱ्या दोरीच्या तुकड्यापर्यंत) काढावी. तळाचं कडं बहुतेक वेळा आतच राहतं, काळं, लाकडासारखं कडक झालेलं. त्यावर नवीन कडी घातली तर ग्लँड कितीही आवळा, गळती थांबत नाही. स्क्रूड्रायव्हरने ओरबाडलं की शाफ्टवर चरा पडतो. पॅकिंग काढायचा पिळाचा हूक स्वस्तात मिळतो.

नवीन दोरी शाफ्टच्याच व्यासाच्या पाइपावर गुंडाळून 45 अंशात तिरकी कापायची. प्रत्येक कडं सुटं. सलग गुंडाळी घातली तर पाण्याला आत यायला आयता जिनाच मिळतो. चार कडी असतील तर सांधे पाव-पाव फेऱ्याने फिरवून, एकेक कडं तळाशी दाबून बसवायचं. ग्लँडचे नट आत्ता फक्त हाताच्या बोटांनी आवळायचे.

खरं काम बोट पाण्यात गेल्यावर सुरू होतं. सुरुवातीला धार नसली तरी भरपूर थेंब पडू द्यावेत. इंजिन मंद ठेवून दोन्ही नट सारखेच, एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग फिरवायचे आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला एक-दोन थेंब राहिले की हात आवरायचा. टेफ्लॉन उष्णता बाहेर टाकत नाही आणि तापलं की बरंच फुगतं. जास्त आवळलं की तापतं, फुगून शाफ्टला आणखी धरतं, आणखी तापतं. मग नट सैल करूनही उपयोग नाही. कड्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होऊन बसते. ग्लँडला हात लावला तर कोमट लागावा, चटका बसू नये.

नीट बसल्यावर मात्र कटकट संपली. दिवाळीच्या सुमारास नट एका बाजूएवढे आवळले, एवढंच. सुती दोरीला सतत पान्हा लागायचा.

शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच असेल तर हे पैसे वाया. आधी लेथ, मग पॅकिंग. कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंग) झिजलं असेल किंवा इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगची रेषा चुकली असेल तरी शाफ्ट थरथरून कडी सैल करतो. लाकडी बोट पाण्यात चार दिवस बसू द्यावी, मगच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) कपलिंग तपासावं: 5 इंची फ्लँजला, म्हणजे कपलिंगच्या चकतीला, फट कुठेही 0.12 मिमीपेक्षा जास्त फरकाची नको.

काळी ग्रॅफाइटवाली दोरी स्वस्त म्हणून घेऊ नये. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकत्र आले की शाफ्टला खड्डे पडतात, त्यातून बोट उभीच असेल तर जास्तच.

तक्रार एकच. किंमत सुतीच्या कित्येक पट असूनही कापताना टोकं उसवतात. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळावी, धारदार पातं एकाच झटक्यात चालवावं आणि कडं आत घालण्याआधी पट्टी काढावी.