सरपंचपदाचं मत कुणाला: तीनदा निवडून आलेल्याला की पहिल्यांदाच उभं राहिलेल्याला?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की बऱ्याच गावांत सरपंचपदाला अशीच जोडी समोरासमोर येते. एकीकडे दोन-तीन वेळा निवडून आलेले, पंचायत समितीत ऊठबस असलेले अण्णा. दुसरीकडे शहरातली नोकरी सोडून गावी परतलेला मुलगा, नाहीतर बचत गटातून पुढे आलेली एखादी वहिनी. पारावर चर्चा रंगते ती एकाच मुद्द्यावर: "पोराला कामाचा अनुभव काय?" प्रश्न योग्य आहे. पण अनुभव नेमका कशाचा, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

कायदा तर अनुभव मागतच नाही. वय 21 पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं, पंचायतीची थकबाकी नको, घरी वापरातला संडास हवा, दोन अपत्यांची अट पाळलेली हवी. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आहे. बस्स. बाकीची पारख मतदारावर सोपवलेली आहे. थेट सरपंच निवडणूक 2017 साली आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. ती परत आल्यापासून ही पारख सदस्यांच्या हातून निघून पुन्हा तुमच्या-माझ्याकडे आली आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली 2 वर्षं अविश्वास ठरावही आणता येत नाही, त्यामुळे चुकलेली निवड गावाला बराच काळ सोसावी लागते.

जुन्या माणसाची जमेची बाजू खरी आहे आणि ती मोठी आहे. गटाराचं साधं काम घ्या. आराखड्यात नाव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, पूर्णत्वाचा दाखला, आणि त्यानंतर बिल. यातली कुठली फाईल कुठल्या टेबलावर अडते आणि शाखा अभियंता गावात कुठल्या वारी येतो, हे अण्णांना पाठ असतं. नव्या सरपंचाचं पहिलं वर्ष हे शिकण्यातच जातं. मुदत 5 वर्षांची, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच संपला.

तरी या शिकण्याचा फार बाऊ करू नये असं मला वाटतं. दप्तर ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लिहितो, नमुना 8 ची, म्हणजे कर आकारणीची नोंदवही तोच ठेवतो, आणि नव्या सरपंचांसाठी प्रशिक्षणं होतात. टेबलांची ओळख वर्षभरात होते. ज्या गोष्टी वर्षभरात येत नाहीत, त्या वेगळ्याच आहेत.

पहिली गोष्ट पैशाची. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीला मिळाला. त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि 40 टक्के अबंधित. हा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. सरपंचाचा डोंगल, म्हणजे ही सही साठवलेली, कॉम्प्युटरला लावायची कांडी, कुणाच्या खिशात आहे, यावरून गाव कोण चालवतंय ते कळतं. इथे नव्या उमेदवाराचा धोका आहे. माहिती नाही म्हणून तो डोंगल ऑफिसातच ठेवून देतो आणि दाखवतील तिथे सही करतो. जुन्याचा धोका याच्या उलट आहे. त्याला सगळं माहीत असतं, आणि ग्रामसभा न भरवता ग्रामसभेचं वही-रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या कशा गोळा करायच्या, हेही त्याच माहितीत येतं. मी स्वतः असं रजिस्टर दारात आलेलं पाहिलेलं आहे. सही केली नाही म्हणून वर्षभर कुणी धड बोललं नाही. तेव्हापासून "तीन टर्मचा अनुभव" हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, त्या तीन टर्ममध्ये कोरम (लागणारी किमान हजेरी) भरलेल्या ग्रामसभा किती झाल्या?

दुसरी गोष्ट बायकांची. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. आरक्षण फिरतं असल्याने महिला सरपंच बहुतेक वेळा पहिल्यांदाच खुर्चीवर बसते आणि पुढच्या वेळी आरक्षण बदललेलं असतं. तिला अनुभवाची अट घालणं म्हणजे आपणच बंद ठेवलेल्या दाराबद्दल तिला जाब विचारणं. आणि "मालकांना अनुभव आहे, ते बघतील" हे बोलणं तर प्रचारात ऐकूनही घेऊ नये. मत तिला द्यायचं, तर कामही तिनेच करायचं. दहा वर्षं बचत गटाची वही लिहिलेली, बँकेत उभी राहून कर्ज मंजूर करून घेतलेली आणि हप्ता थकवणाऱ्या जावेलाही न सोडलेली बाई मला तीन टर्मच्या सदस्यापेक्षा जास्त अनुभवी वाटते. दुसऱ्यांचा पैसा तिने हाताळला आहे आणि त्याचा हिशेब दिला आहे.

मोठी नावं पाहिली तरी हेच दिसतं. हिवरे बाजारने 1989 मध्ये पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं, तेव्हा ते एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण होते. पंचायतीचा अनुभव शून्य. पण कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम त्यांनी गावाकडून पाळून घेतला. जेमतेम 400 मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात आज हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. नव्या माणसाच्या बाजूने याहून मोठा दाखला नाही. तरी तो पुरता वाचायला हवा: बंधाऱ्याचं पाणी विहिरीत दिसायला वर्षं लागतात, आणि गावाने त्यांना ती दिली. 1989 चा नवखाच पुढे गावातला सर्वांत अनुभवी माणूस झाला. पाटोद्याच्या भास्करराव पेरे पाटलांचीही कारकीर्द लांब होती, आणि कर भरणाऱ्याला दळण मोफत ही त्यांची युक्ती राज्यभर सांगितली जाते.

आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ते आधी सांगलीत जिल्हा परिषद सदस्य होते. गावातली गटारं आणि उकिरडे त्यांनी सदस्य म्हणून पाहिलेले होते, म्हणून स्पर्धा लावली की गाव झाडू उचलेल हे त्यांना उमगलं असावं. इथे अनुभव कामी आला, पण तो मंत्रिपदाचा नव्हता, खालच्या पायरीचा होता.

माझी पसंती कुणाला, ते सांगतो. अण्णांच्या कारकिर्दीत ग्रामसभा खरोखर भरत असतील, खर्च पंचायतीच्या फलकावर लागत असेल आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दाखवलेला पंचायतीचा खर्च जागेवर दिसत असेल, तर त्यांना बदलू नका. टेबलांची ओळख असलेला सचोटीचा माणूस सोन्यासारखा असतो. यातलं काहीच नसेल, तर अनुभव आहे म्हणून पुन्हा मत देऊ नका. नव्याला द्या, पण पदवी आणि भाषण पाहून नाही. दूध संस्था, सोसायटी, शाळा व्यवस्थापन समिती, बचत गट, निदान यात्रा कमिटीची वर्गणी, यांपैकी कुठेतरी त्याने लोकांचा पैसा सांभाळलेला हवा. तेही नसेल, तर आधी सदस्य म्हणून निवडून देऊन पाच वर्षं पाहावं. सदस्यासाठी वेगळं मत आपल्याकडे असतंच.

एक काम मतदानाआधी करता येतं. मतं मागायला दोघंही दारात येतीलच. अण्णांना मागच्या दोन वर्षांतल्या ग्रामसभांच्या तारखा विचारा. नव्या उमेदवाराला त्याने सांभाळलेली हिशेबाची वही मागा, आणि तो ती घरून घेऊन येतो का ते पाहा.