चामड्याचं पाकीट की रेक्झिनचं?

भाच्याला पहिली नोकरी लागली. विरार ते चर्चगेट रोजची लोकल. त्याने विचारलं, "मामा, पाकीट कुठलं घेऊ?"

किमतीत रेक्झिन सरळ जिंकतं. फुटपाथवर दीड-दोनशेत मिळतं. चामड्याच्या साध्या पाकिटाला त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात.

खरा फरक टिकण्यात आहे. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. रोजच्या उघडझापीने घडीवर चीर पडते, मग पापुद्रे सुटतात आणि खिशात काळा भुगा सांडतो. त्याला दुरुस्ती नाही. माझं चामड्याचं पाकीट अकरा वर्षांचं आहे. मधे शिवण उसवली, ती स्टेशनबाहेरच्या चांभाराने दहा मिनिटांत घातली. कडा वापरून गुळगुळीत झाल्यात, रंग गडद झालाय, मला ते फार आवडतं.

पावसाळ्यात मात्र चामडं जपावं लागतं. ओलं राहिलं तर बुरशी येते. सावलीतच वाळवायचं, उन्हात कडक होतं. रेक्झिन पुसलं की झालं.

खरं चामडं ओळखताना पाकिटावरच्या शिक्क्यावर जाऊ नकोस, आतली कापलेली कड बघ. चामड्यात केसाळ तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडाची वीण.

कॉलेजातल्या मुलाला, पाकीट वारंवार हरवणाऱ्याला किंवा भर पावसात फिरतीचं काम असणाऱ्याला रेक्झिन पुरे. रोज तेच पाकीट वर्षानुवर्षं वापरणाऱ्याने चामड्याचंच घ्यावं. भाच्याला मी तेच सांगितलं, फक्त मागच्या खिशात ठेवू नकोस म्हटलं. विरार लोकलच्या गर्दीत पुढचाच खिसा बरा.