जुना ट्यूब ॲम्प विकत घेताय? गरम करून ठेवलेल्या ॲम्पपासून सावध

व्यवहार असा झाला. मार्शल कंपनीचा जेसीएम ८०० मालिकेतला २२०३, म्हणजे गिटारच्या १०० वॉटच्या ट्यूब ॲम्पचा हेड (स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प), ‘सगळं ओरिजिनल’. घेणारा पोहोचला तेव्हा ॲम्प आधीच चालू होता, पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज खरखरीत करणारं) जोडलेलं आणि मास्टर (एकूण आवाजाचं बटण) जेमतेम दोनवर. आवाज आवडला, पैसे दिले. बँडच्या पहिल्याच तालमीत मास्टर सहावर नेल्यावर थोड्या वेळात आवाज बसला, एका ट्यूबची प्लेट (काचेच्या आतला धातूचा भाग) लालभडक झाली आणि फ्यूज उडाला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

गरम ॲम्प दाखवण्यामागे कारण असतं. सुरुवातीची करकर आणि वाढत जाणारी घरघर थंड ॲम्प चालू करतानाच नीट ऐकू येते. पेडलमुळे ॲम्पचा स्वतःचा आवाज झाकला जातो. मास्टर दोनवर असेल तर पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या) आणि ती ताकद स्पीकरपर्यंत पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यावर फारसा ताण येत नाही.

मागची जाळी काढल्यावर उलगडा झाला: चार ईएल३४ (पॉवर ट्यूबचा एक प्रकार) ट्यूब वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५० वॉटच्या ॲम्पमधला. चार ईएल३४ना ट्रान्सफॉर्मरचा साधारण १.७ किलोओहमचा प्रायमरी (ट्यूबकडची बाजू) लागतो, दोन ट्यूबसाठीचा त्याच्या दुप्पट असतो. त्यामुळे पूर्ण ताकद मिळत नाही, आणि मोठ्या आवाजात लहान कोअर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) खालचे सूर पेलू शकत नाही. जुळणी न केलेल्या ट्यूबमध्ये एकच जास्त करंट ओढते, तीच लाल होते.

म्हणून ॲम्प थंडच मागा. हाताचा तळवा ट्रान्सफॉर्मरवर ठेवला तरी आधी चालू होता का ते कळतं. स्टँडबायवर (ट्यूब तापतात, आवाज येत नाही) दोन मिनिटं, मग पेडलशिवाय थेट गिटार, मास्टर निदान पाचवर, सलग अर्धा तास. शेजाऱ्यांची सबब दिली तर तालीम खोलीत भेटा. भाडं द्या, पण हे टाळू नका. कुठल्या ट्यूबची प्लेट लाल होतेय का ते पाहत राहा. ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूवर ताजे ओरखडे किंवा वायरला नवी टेप दिसली तर विचारा. मूळ २२०३ला मागे इफेक्ट्स लूप (पेडल ॲम्पच्या मध्येच जोडण्याची सोय) नसतो. नंतरच्या रीइश्यूला (कंपनीनेच पुन्हा काढलेल्या आवृत्तीला) असतो. जुन्यावर लूप दिसला तर कुणीतरी चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) भोक पाडलंय, किंमत तशी धरा.

कॅबिनेटही मोजा. १६ ओहमच्या चार स्पीकरच्या कॅबिनेटवर मल्टिमीटर साधारण १२-१३ दाखवतो. ११च्या आसपास आला तर एखादा ८ ओहमचा स्पीकर घुसवलेला असू शकतो. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायचा नाही, मागची पट्टी आधी वाचा.

स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवू नका. चॅसीच्या आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टची वीज साठलेली असू शकते. आतली तपासणी आणि बायस (ट्यूबमधल्या करंटचं सेटिंग) अनुभवी मेकॅनिककडूनच, आणि त्याचा शेरा येईपर्यंत टोकनपलीकडे एक रुपयाही देऊ नका.