इगतपुरीचे दहा दिवस: फी शून्य, वसुली गुडघ्यांकडून

देवळात मन लागत नाही, बाबा-महाराजांवर विश्वास उरलेला नाही आणि मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या 'मेडिटेशन'ने काही भागत नाही, अशी पंचविशी-तिशीतली मंडळी विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला नाव घालतात. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं जुनं केंद्र, १९७६ पासूनचं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे नाहीत. दान घेतात तेही फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून कुरकुरायची सवय मोबाइलसोबत आधीच जमा करून टाकावी.

ऑनलाइन फॉर्ममध्ये तब्येतीचे प्रश्न असतात. नैराश्य, पॅनिक अटॅक, चालू गोळ्या यांतलं काहीही लपवू नका. दिवसाचे दहा तास आत बघत बसल्यावर जुना आजार उफाळू शकतो, आणि तिथले धम्मसेवक म्हणजे मदतीला असलेले स्वयंसेवक, डॉक्टर नव्हेत. ब्रेकअपनंतर किंवा नोकरी सुटल्यावर 'उपचार' म्हणून जाणाऱ्यांनी आधी समुपदेशक गाठावा. शिबिराला जायचं म्हणून गोळ्या मनाने बंद करणं तर शुद्ध वेडेपणा.

घंटा पहाटे चारला होते, साडेचारला बैठक सुरू. पहिले तीन दिवस आनापान: श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा, लक्ष नाकाच्या दाराशी आणि वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेवर. प्राणायाम केलेले लोक इथे हमखास चुकतात. नकळत श्वास लांबवत बसतात आणि दुपारपर्यंत डोकं जड करून घेतात. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागातली संवेदना पाहायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. मग सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहाच्या समूह साधनेत अधिष्ठान, म्हणजे तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. यातली फसगत वेदनेपेक्षा सुखाने जास्त होते. अंगभर गोड झिणझिण्या आल्या की साधक पुढचे दोन दिवस त्याच शोधत बसतो, आणि आसक्ती सोडायला आलेला माणूस नवी आसक्ती जोडून घेतो.

गुडघ्यांसाठी बैठक नीट रचावी. नितंब गुडघ्यांपेक्षा उंच हवेत, त्यासाठी साधारण १०-१५ सेंटिमीटरची घट्ट उशी. मऊ उशी अर्ध्या तासात बसते आणि कंबर मागे झुकते. गुडघा अधांतरी राहत असेल तर खाली टॉवेलची घडी सरकवा. महिनाभर आधीपासून रोज २० मिनिटांवरून ४५ वर या. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही.

जेवण सात्त्विक आणि पुरेसं. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि थोडंसं खाणं. जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, नुसतं लिंबूपाणी. रात्री काही नाही या धास्तीने लोक अकराला दाबून जेवतात आणि एकच्या बैठकीत पेंगतात. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीला पुष्कळदा पूर्वसंस्कार नव्हे, सुटलेला कडक चहा कारणीभूत असतो. आठवडाभर आधी कप कमी करत आणा. पावसाळ्यात इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त. हिवाळ्यात पहाटेसाठी जाड शाल.

आता खटकणाऱ्या गोष्टी. गोयंका २०१३ साली गेले. सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं ध्वनिमुद्रित आहेत. प्रवचनं खुसखुशीत आहेत, दिवसभराच्या शिणानंतर त्यांचीच वाट पाहिली जाते. शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांकडे नेमका प्रश्न घेऊन गेलं तरी उत्तर बहुतेकदा 'पाहत राहा, समता ठेवा' याच वळणाचं. 'हा संप्रदाय नाही' असं सांगतात, पण त्रिशरण, पाली मंत्र, पुनर्जन्म, संस्कारांची निर्जरा (साठलेले संस्कार झडून जाणं) हे सगळं ओघाने येतंच. श्रद्धेचं ओझं टाकायला आलेल्या चिकित्सक मुलाला ते टोचेल. तंत्र घ्यावं आणि तत्त्वज्ञान तूर्त बाजूला ठेवावं, एवढी सूट प्रवचनातच दिलेली आहे. ती बिनधास्त वापरावी.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवून मौन सुटतं आणि एकदम कलकलाट होतो. 'तुला काय दिसलं?' या तुलनेत नऊ दिवसांची कमाई तासाभरात विरते. थोडं बाजूला राहिलेलं बरं. पुढे घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं असतं आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. जवळची साप्ताहिक समूह साधना आधीच शोधून ठेवा. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरंही असतात.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास सुटका होते. मुंबईकडे परतणार असाल तर गाडी जरा उशिराची घ्या, आणि कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत तरी फोन बंदच राहू द्या.