दातांच्या इम्प्लांटच्या नावाखाली बाबांना फसवलं, नागपूरवाल्यांनी नक्की वाचा

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावतात ते. पैसे कुठल्या कंपनीच्या स्क्रूचे घेतले आणि हाडात कुठला टाकला हे पेशंटला दिसतच नाही, आणि नेमकं इथेच बाबांना फसवलं म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे.

बाबांना शुगर आहे, खालच्या उजव्या बाजूच्या तीन दाढा काढलेल्या, कवळी त्यांना अजिबात सहन होत नव्हती. कॉलनीच्या समाज भवनात मोफत दंत तपासणी शिबिर लागलं, तिथे नंबर लिहून घेतला आणि मग फोनवर फोन. "काका, स्विस कंपनीचे तीन इम्प्लांट १ लाख ३५ हजारात, पाच दिवसात पक्के दात, लाइफटाइम गॅरंटी, ऑफर आजच्यापुरतीच आहे." क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या भावाच्या मोबाईलवर ओटीपी मागवून फायनान्स कंपनीचं लोनच करून टाकलं. "नो कॉस्ट ईएमआय आहे दादा, काही टेन्शन नाही." यातली गोम नंतर समजली, पूर्ण रक्कम क्लिनिकला आधीच मिळून जाते आणि हप्ते आपल्या मागे, ट्रीटमेंट बिघडली तरी हप्ता कापला जाणारच. आजही दर महिन्याला कापला जाऊन राहिला.

एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, केली नाही, ज्या पेशंटची शुगर कंट्रोलमध्ये नाही त्याच्यात इम्प्लांट फेल होण्याची भीती जास्त असते हे काय त्यांना माहीत नसेल? सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) नाही, साधा ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्सरे) काढला आणि झालं. खालच्या जबड्यातून नस जाते, हाड किती उंच किती रुंद आहे ते स्कॅनमध्ये नीट कळतं. टायटॅनियमच्या स्क्रूला हाडाने धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, काही निवडक केसेसमध्ये लगेच कॅप बसवतात हेही खरं, पण ते हाड चांगलं असेल आणि स्क्रू घट्ट बसला असेल तर. इथे सगळ्यांना सरसकट पाच दिवस! सर्जरी करायला बाहेरून कोणी व्हिजिटिंग डॉक्टर आले होते, त्यांचं नाव चिठ्ठीवरसुद्धा नाही.

पुढे पस झाला, एक इम्प्लांट हलायला लागला, बाबा रात्र रात्र गाल धरून बसायचे. क्लिनिकवाले म्हणे, "शुगरमुळे झालं, गॅरंटीत बसत नाही." अहो मग आधी कोणी पाहायचं होतं ते?

शेवटी ओळखीतल्या एका प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात बसवण्याच्या तज्ज्ञ) मॅडमकडे नेलं. त्यांनी पहिलं विचारलं, इम्प्लांटचं स्टिकर कुठे आहे? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिलो. तर चांगल्या कंपनीच्या इम्प्लांटच्या सीलबंद पॅकमध्ये स्टिकर येतात, त्यावर कंपनी, साइज, रेफरन्स नंबर, लॉट नंबर, सगळं असतं, एक क्लिनिकच्या फाइलमध्ये आणि एक पेशंटच्या कार्डावर लावायचं असतं. आणि ते नुसतं शोभेचं नसतं. प्रत्येक सिस्टिमचा वरचा भाग, स्क्रू, ड्रायव्हर वेगळा असू शकतो, म्हणून कंपनी माहीत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला रिपेअर करणंही कठीण जातं. मॅडमनी एक्सरे पाहून सांगितलं की सांगितलेल्या स्विस कंपनीचं हे डिझाइन वाटत नाही. क्लिनिककडे स्टिकर मागितलं तर आज देतो उद्या देतो, आणि बिलावर फक्त "डेंटल ट्रीटमेंट" एवढंच. भारतीय किंवा कोरियन इम्प्लांट वाईट असतात असं मी म्हणत नाही, खूप लोकांना ते छान चाललेत, पण मग पैसेही त्याचेच घ्या न!

एक बरं झालं, कंपनीचं नाव आणि रेट त्यांनी व्हॉट्सॅपवर पाठवला होता. तो मेसेज, शिबिराचं पत्रक, लोनचे कागद, मॅडमचा लेखी रिपोर्ट, सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. वकील म्हणाले, ५ लाखापर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, पण तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. डॉक्टरच्या वागण्याबद्दलची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे वेगळी जाते, तीही दिली.

ज्यांचं काम अजून व्हायचं आहे त्यांनी कंपनीचं नाव कोटेशनमध्ये लिहून घ्या, पॅक समोर उघडायला लावा, आणि सर्जरी कोण करणार त्याचा रजिस्ट्रेशन नंबर आधीच मागा. रेटबद्दल शंका असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय मेडिकल कॉलेजच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे एकदा दाखवून घ्या, सकाळची गर्दी असते पण कोणी ऑफर गळ्यात मारत नाही.

आणि अशाच शिबिरातून कोणाच्या आईबाबांचे इम्प्लांट झाले असतील तर आजच फाइल काढून स्टिकर आहे का पाहा, नसेल तर क्लिनिकला लेखी मागणी करा आणि त्याची पोच घेऊन ठेवा.