ध्यानचंद, खाशाबा की आनंद? ठराव कोणाच्या नावाचा करायचा

२९ ऑगस्ट, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिन जवळ आला की क्रीडा मंडळांत, तालमींत आणि शाळांच्या स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो. सचिननंतर खेळातला दुसरा भारतरत्न कोण? आपल्याकडे आता त्यात १५ जानेवारीची भर पडली आहे. तो खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आणि महाराष्ट्र सरकारने तो राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. अशा दिवशी मंडळं ठराव करतात, ग्रामसभा ठराव करते, कोणी दिल्लीला निवेदन पाठवतं. तीन नावं सतत पुढे येतात: हॉकीतले मेजर ध्यानचंद, कुस्तीतले खाशाबा जाधव, बुद्धिबळातला विश्वनाथन आनंद. ठराव एकच करायचा असेल तर कोणाचा, असा पेच ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

या वादात दोन प्रश्नांची कायम सरमिसळ होते. सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा एक. देशाकडे सगळ्यात जास्त थकबाकी कोणाची आहे, हा दुसरा. माझ्या मते दोघांची उत्तरं वेगळी आहेत, आणि ठराव करणाऱ्याने आपण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय हे आधी ठरवायला हवं.

पहिला प्रश्न घेतला तर ध्यानचंद यांच्या जवळपास पोहोचणं अवघड आहे. १९२८ अ‍ॅमस्टरडॅम, १९३२ लॉस एंजेलिस, १९३६ बर्लिन, सलग तीन सुवर्णपदकं. अ‍ॅमस्टरडॅमला पाच सामन्यांत त्यांचे एकट्याचे १४ गोल, आणि भारतावर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नाही. बर्लिनला ते कर्णधार होते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला हरवलं होतं. त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, ८-१ अशी धूळ चारली. हिटलरने देऊ केलेली नोकरी, चुंबक शोधण्यासाठी तोडलेली स्टिक, या दंतकथा ठरावात घालू नका. त्यांची गरजच नाही, नुसते सामन्यांचे निकाल पुरेसे आहेत.

त्यांच्या विरोधात जे बोललं जातं तेही प्रामाणिकपणे ऐकायला हवं. हॉकी हा सांघिक खेळ, त्यामुळे पदक अकरा जणांचं. लॉस एंजेलिसला तर हॉकीत तीनच संघ होते, अमेरिकेवरचा २४-१ हा विजय त्यातलाच. हे खरं आहे. पण १९३६ ला अकरा संघ होते, आणि तोवर ध्यानचंद तिशी ओलांडलेले होते. मोठेपणाच्या बाबतीत हे आक्षेप मला फार वजनदार वाटत नाहीत.

मग भारतरत्न का नाही? २०११ पर्यंत त्याच्या निकषांत खेळ बसतच नव्हता. साहित्य, कला, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढीच क्षेत्रं होती. डिसेंबर २०११ मध्ये नियम बदलून कोणतंही क्षेत्र चालेल असं झालं. २०१३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ध्यानचंद यांच्या नावाची शिफारस केली होती. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला वानखेडेवर सचिनची शेवटची कसोटी संपली आणि भारतरत्न सचिनला जाहीर झालं. सचिन आपला आहे, आणि त्याच्या योग्यतेबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही क्रमाने ध्यानचंद आधी हवे होते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पण थकबाकीचा हिशेब मांडला की चित्र पालटतं. ध्यानचंद यांना १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यांच्या हयातीत. राष्ट्रीय क्रीडा दिन त्यांच्या जन्मदिवशी असतो. दिल्लीचं राष्ट्रीय स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे. २०२१ पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारच ‘मेजर ध्यानचंद खेलरत्न’ झाला. १९७९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये त्यांचा शेवट हलाखीत झाला याची लाज वाटायलाच हवी. मात्र देशाने त्यांचं नाव विसरलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

खाशाबांचं मात्र तसं झालं.

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान. जन्म १५ जानेवारी १९२६. कराडचं टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. मातीत कुस्ती करणारा मुलगा १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेला, मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैशांची पुन्हा तीच ओढाताण. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. बाकी लोकवर्गणी.

हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानच्या इशिईविरुद्धची लांबलेली कुस्ती हरले, आणि सुवर्ण अखेर इशिईनेच नेलं. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. नियमावर बोट ठेवून भांडणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. हातात आलं ते कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, कोल्हापूर-साताऱ्यात कौतुक झालं, पण दिल्लीपर्यंत ते पोहोचलं नाही.

या पदकाचं मोल कळायला पुढचा हिशेब पाहावा. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, अटलांटाला टेनिसपटू लिएंडर पेसचं कांस्य. मधे ४४ वर्षं गेली. पेसला पद्मश्री मिळालं, पुढे पद्मभूषणही. कुस्तीपुरतं बोलायचं तर सुशील कुमारला २००८ च्या कांस्यानंतर पद्मश्री, योगेश्वर दत्तला २०१२ च्या कांस्यानंतर पद्मश्री, साक्षी मलिकला २०१६ च्या कांस्यानंतर पद्मश्री. या सगळ्यांना ते मिळायलाच हवं होतं. पण खेळ तोच, पदकाचा रंग तोच, आणि ज्याने हे सगळं पहिल्यांदा करून दाखवलं त्याच्या नावापुढे पद्म नाही. पद्म पुरस्कार सुरू झाले १९५४ मध्ये. खाशाबा गेले १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात. मुंबई पोलिसांत १९५५ मध्ये उपनिरीक्षक म्हणून लागलेले खाशाबा सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले होते. १९५४ ते १९८४ ही तीस वर्षं सरकारच्या हातात होती. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. खाशाबांना तो २००० सालचा मिळाला, मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचं नाव दिलं गेलं, २०१० मध्ये.

आनंदबद्दल थोडक्यात. १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर, पाच वेळा जगज्जेता, आणि खेलरत्न सुरू झालं तेव्हा त्याचा पहिला मानकरी. तिघांत एक गोष्ट फक्त आनंदजवळ आहे, ती म्हणजे मागे उभी राहिलेली पिढी. गुकेश २०२४ मध्ये १८ व्या वर्षी जगज्जेता झाला, तो आनंदच्या मार्गदर्शनाखाली वाढलेला. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही मुलं ज्या देशात बुद्धिबळाचा पट उघडून बसली, तिथे या खेळातून आयुष्य घडू शकतं हे आनंदने आधीच सिद्ध केलेलं होतं. परिणाम हीच कसोटी लावायची तर आनंद ध्यानचंद यांच्याही पुढे जाईल असं माझं मत आहे. पण पद्मश्री, पद्मभूषण, आणि २००८ मध्ये सचिनबरोबर पद्मविभूषण, प्रत्येक टप्प्यावर देशाने त्याला वेळेवर दाद दिली आहे. तो आपल्यात आहे, त्याचा मान करायला वेळ आहे. अर्थात ‘वेळ आहे’ म्हणतच खाशाबांच्या बाबतीत तीस वर्षं गेली, हेही विसरू नये.

आता नियमांची बाजू, कारण ठराव करणारे इथेच अडखळतात. भारतरत्नची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींना करतात, त्यासाठी कोणाच्या अर्जाची गरज नसते. तुमचा ठराव तिथे लोकभावना म्हणून पोहोचेल, त्याहून जास्त काही नाही. पद्म पुरस्कारांचं तसं नाही. सरकारच्या पोर्टलवर कोणताही नागरिक ठराविक मुदतीत नामांकन भरू शकतो. सोबत जास्तीत जास्त ८०० शब्दांत कामाची माहिती द्यायची असते.

यात खाशाबांची एक मोठी अडचण आहे. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत. अपवाद म्हणून दिलेले बहुतेक पुरस्कार निधनानंतर लगेचच्या वर्षातले आहेत, जसे मनोहर पर्रीकर किंवा जनरल बिपिन रावत. भारतरत्नला मात्र काळाचं असं बंधन दिसत नाही. डॉ. आंबेडकरांना १९९० मध्ये, मदन मोहन मालवीय यांना निधनानंतर जवळपास सात दशकांनी, कर्पूरी ठाकूर यांना २०२४ मध्ये ते दिलं गेलं. म्हणजे मोठ्या सन्मानाचं दार दिवंगतांसाठी उघडं आणि लहान सन्मानाचं जवळजवळ बंद. म्हणूनच ‘मग खाशाबांसाठी थेट भारतरत्नच मागू’ असा सूर आपल्याकडे निघतो.

मला हा सूर पटत नाही. भारतरत्नच्या रांगेत खाशाबांना ध्यानचंद यांच्याशेजारी उभं केलं की तुलना तीन सुवर्णांची आणि एका कांस्याची होते. दिल्लीत बसलेला अधिकारी तेवढंच वाचेल आणि कागद बाजूला ठेवेल. खाशाबांची खरी तुलना पेसशी आहे, सुशीलशी आहे, साक्षीशी आहे. त्या तुलनेत कोणालाही ‘नाही’ म्हणायला तोंड उरत नाही. जिथे बाजू बिनतोड आहे तिथेच मागणी लावून धरावी.

त्यामुळे माझा सल्ला असा. तुमचं मंडळ हॉकीचं असेल, किंवा ‘खेळातला पुढचा भारतरत्न’ हाच विषय ठरलेला असेल, तर डोळे झाकून ध्यानचंद यांचा ठराव करा आणि त्यात दुसरं नाव मिसळू नका. बुद्धिबळाच्या क्लबने आनंदसाठी लिहिलं तर त्यात काहीच चूक नाही. पण विषय मोकळा असेल आणि ताकद एकाच कामावर लावायची असेल, तर ती खाशाबांच्या पद्मवर लावा. ध्यानचंद यांच्या नावाची मागणी देशभरातून होते, त्यांचे चिरंजीव, १९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे अशोक कुमार, ती मांडत आले आहेत. आनंदच्या मागे सगळं बुद्धिबळविश्व उभं आहे. खाशाबांसाठी कराड, सातारा, कोल्हापूर आणि महाराष्ट्रातल्या तालमी यांच्याशिवाय फार कोणी लिहिणार नाही. २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, त्याचाही उल्लेख व्हावा.

लिहिताना ८०० शब्द कशात खर्ची पडतात याकडे लक्ष द्या. गरिबी, गहाण घर, बैलगाड्या यांनी आपले डोळे पाणावतात, पण निवड समितीपुढे ते एका वाक्यात आटपावं. महाराष्ट्रावरच्या अन्यायाची भाषा तर नकोच, कारण पदक भारताचं होतं. सुरुवातच मरणोत्तर अपवादाच्या मुद्द्याने करा: हयातीत तीस वर्षं संधी असून सन्मान झाला नाही, म्हणून ही विशेष बाब. त्यानंतर १९४८ चा सहावा क्रमांक, १९५२ चं कांस्य, मधली ४४ वर्षं, आणि पुढच्या कांस्यपदक विजेत्यांना मिळालेल्या पद्म पुरस्कारांची वर्षवार यादी. ग्रामसभेचा किंवा मंडळाचा ठराव झाला असेल तर त्याची तारीख आणि क्रमांक मजकुरात घाला. आणि एकाच मजकुराच्या शंभर प्रती भरण्यापेक्षा गोळेश्वरने वेगळं लिहावं, राजाराम कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी वेगळं, पोलीस दलातल्या निवृत्तांनी वेगळं.