पिल्लू कुठून आणायचं: दुकान, ब्रीडर की शेजारची पडवी?

घराला गडगा घालून झाला, मुलं मागे लागली, आणि आता पिल्लू आणायचं कुठून एवढाच प्रश्न उरलाय, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. गेल्या वर्षभरात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या बऱ्याच ओळखीच्या घरांनी मला हे विचारलं. फोनवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, इथे सगळं एकत्र मांडते. मी रत्नागिरीजवळच्या गावात राहते. आमच्याकडे एक लॅब्राडॉर दुकानातून आला होता आणि एक गावठी कुत्री शेजारच्या पडवीतून आली. भावाने त्याचा डॉबरमन ब्रीडरकडून घेतला. तिन्ही वाटा जवळून पाहिल्यामुळे माझं मत पक्कं झालंय, ते मी लपवणार नाही.

दुकानातलं पिल्लू

आमचा ब्रूनो घाटावरच्या एका शहरातल्या दुकानातून आणला. बारा हजार दिले. दुकानदार म्हणाला, "पंचेचाळीस दिवसांचं आहे, एकदम अ‍ॅक्टिव्ह." होतंही तसंच. घरी आल्यावर चार दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी पेजेला तोंड लावलं नाही, दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. तीन दिवस सलाईन लावलं. आठव्या दिवशी पहाटे तो गेला. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. ती रिकामी टोपली त्याने कितीतरी दिवस कुणाला उचलू दिली नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आईला लसी दिल्या होत्या का?" आम्हाला माहीत नव्हतं. दुकानदाराला फोन केला, त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे पिल्लू दुसऱ्या माणसाकडून आलं होतं, त्या माणसाकडे आणखी कुणाकडून. मी पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू आतून आजारी असू शकतं, आणि हे ना विकणाऱ्याला दिसतं ना घेणाऱ्याला. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान केव्हातरी उतरतं. ते अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, उतरलं की पिल्लू उघडं पडतं. म्हणूनच लस एकदा टोचून भागत नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत परत परत द्यावी लागते. नेमक्या या नाजूक काळात दुकानातलं पिल्लू प्रवास करतं, अनोळखी पिल्लांशेजारी पिंजऱ्यात बसतं आणि दिवसभर दहा जणांच्या हातांतून फिरतं. दुकानदार कितीही मायाळू असला तरी या धंद्याची रचनाच रोग पसरवणारी आहे.

हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फरशी ब्लीचच्या पाण्याने धुता येते. आमचं खळं सारवलेलं, पुढे जांभ्याची माती, ती कशी धुणार? डॉक्टरांनी बजावलं की वर्षभर तरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू या अंगणात आणू नका. बारा हजारांचं दुःख कधीच विसरलं गेलं, पण पुढचं वर्षभर अंगण मोकळं राहिलं.

आता दुकानाच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगते. दुकान एका जागी असतं, पाटी असते, पावती मागता येते, तक्रार घेऊन परत जाता येतं. फोनवर फोटो बघून आणि आगाऊ पैसे पाठवून रात्रीच्या खाजगी बसने खोक्यातून पिल्लू मागवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा दुकान शंभर वेळा बरं. शिवाय सगळेच दुकानदार निष्काळजी नसतात.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. कोकणातली बहुतेक दुकानं माशांच्या टाक्या, खाद्य, पट्टे, साखळ्या यांची. पिल्लं काचेमागे बसलेली क्वचितच दिसतात. पण "ऑर्डर द्या, चार दिवसांत आणून देतो" हे सर्रास चालतं. ही पद्धत मला काचेपेक्षाही वाईट वाटते, कारण त्यात दुकानदाराने स्वतःसुद्धा पिल्लू आधी पाहिलेलं नसतं.

पंचेचाळीस दिवस हा आकडा ऐकलात तर

तिथेच थांबा. केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे नियम २०१७चे आणि पेट शॉपचे नियम २०१८चे. दोन्हींत आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. बाजारात मात्र पंचेचाळीस हा आकडा इतका रुळलाय की लोक तो अभिमानाने सांगतात. मधल्या अकरा दिवसांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावण्याची मर्यादा शिकतं. जोरात चावलं की भावंड ओरडतं, खेळ थांबतो, आई दटावते. लवकर तोडलेल्या पिल्लाचा हा धडा राहून जातो आणि मग तो आपल्या मुलांच्या हातांवर गिरवला जातो.

वय पारखायचं असेल तर तोंड उघडून बघा. दुधाचे अठ्ठावीस दात साधारण आठ आठवड्यांपर्यंत आलेले असतात. पुढचे दात आणि सुळे आहेत पण मागच्या दाढा नाहीत, तर पिल्लू सांगितल्यापेक्षा लहान आहे.

दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ब्रीडरलाही. नोंदणीचा कागद मागायला संकोचू नका. दागिना घेताना हॉलमार्क बघतोच ना आपण.

ब्रीडर

२०१७च्या नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आतल्या किंवा आठ वर्षांपुढच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आणि आयुष्यात पाचांहून जास्त नाही. चांगला ब्रीडर या गोष्टी न विचारता सांगतो. भावाने डॉबरमन घेतला तेव्हा त्या माणसाने आधी यालाच तासभर प्रश्न विचारले: घरी दिवसभर कोण असतं, बांधून ठेवणार का, पावसात कुठे ठेवणार. मग आई दाखवली. ती पिल्लांजवळ शांत बसली होती, अंग भरलेलं, नजर निवांत. पिल्लू अजून तीन आठवडे मिळणार नव्हतं. भाऊ वैतागला होता. मी म्हटलं, हा वैताग म्हणजेच पारख.

उलट ज्याच्याकडे पाच-सहा जातींची पिल्लं एकाच वेळी तयार आहेत, जो पिल्लू रस्त्यात, पेट्रोल पंपावर किंवा स्टँडवर आणून देतो म्हणतो आणि आई "गावाला आहे" असं सांगतो, तो ब्रीडर नव्हे. तो बिनपाटीचं दुकान आहे.

जात निवडताना आपला पाऊस विसरू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर आणि कधी त्याहून जास्त कोसळतो. सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेला हस्की जूनमध्ये आपल्या ओटीवर ठेवणं मला क्रूर वाटतं, आणि हे मी हौशी माणसांच्या तोंडावर सांगते. दाट दुहेरी केसांखाली ओल राहते, बुरशी धरते, खाजवून खाजवून कातडी सोलते. चपट्या नाकाच्या पगला मे महिन्याच्या दमट उकाड्यात श्वासच पुरत नाही. लॅब्राडॉर तग धरतो, पण गोचिड्या आणि कानातली ओल यांच्याकडे रोज लक्ष द्यावं लागतं. गोचिडताप हे आपल्याकडचं मोठं संकट. लेप्टो माणसांपुरताच नाही, कुत्र्यांनाही होतो आणि त्याची लस असते. सिंधुदुर्गात तर ती आवर्जून विचारून घ्या.

शेजारची पडवी

माझी कुडाळची मावशी ब्रूनोची हकिकत ऐकून म्हणाली होती, "इकत कित्याक हाडतंस गो? आमच्याकडे चार आसत, व्हया ता घेवन जा." म्हणजे विकत कशाला आणतेस, हवं ते आमच्याकडून घेऊन जा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हीच रीत होती. कुत्री व्याली की कुणाला पिल्लू हवंय का हे वाडीत विचारलं जायचं. आमच्या घरी तर पिल्लू आणलं की त्या घरी नारळ नेऊन द्यायचा शिरस्ता होता.

चंपी अशीच आली, अंगणाचं ते वर्ष संपल्यावर. तिची आई मी दोन वर्षं रोज बघत होते: मुलांवर कधी गुरगुरली नाही, साप दिसला की लांबून भुंकायची, कोंबड्यांच्या वाटेला जायची नाही. पिल्लाबद्दल याहून जास्त माहिती कुठला कागद देणार? शेजाऱ्यांनी आठ आठवडे तिला आईजवळ राहू दिलं. आज ती आठ वर्षांची आहे, तिच्या अंगाला पाऊस बाधत नाही, आणि बागेत वानरांची टोळी उतरली की तिच्याइतकी उपयोगी दुसरी जात नाही.

पण गावठी म्हणजे फुकट आणि बिनकष्टाचं, हा समज सोडा. जंताचं औषध, पार्वो-डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि तिचे पुढचे डोस हे सगळं तेवढंच लागतं. रस्त्यावर सापडलेलं पिल्लू आणत असाल तर ओरखडा किंवा चावा साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीज एकदा सुरू झाला की उपाय नाही. मोठेपणी पिल्लू केवढं होईल, अंगावर केस किती येतील, हे ठामपणे कुणी सांगू शकत नाही. काही गावठी पिल्लं परक्यांना बुजतात, काही भटकतात. कोंबड्यांची सवय लहानपणीच लावावी लागते.

आणि ऑपरेशन. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत व्याते, एका वेताला चार-सहा पिल्लं. नर पिल्लं वाडीत खपतात. मादी पिल्लं पोत्यात भरून मासळीबाजाराशी किंवा घाटात सोडलेली मी स्वतः उचलली आहेत. गावठी कुत्री घ्यायची तर नसबंदी करायची, हे आधी ठरवा आणि मगच घ्या. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बहुतेक गाई-म्हशींच्या कामात असतो. कुत्र्यांची ऑपरेशनं करणारा डॉक्टर आपल्याला किती लांब आहे, हे पिल्लू आणण्याआधी शोधून ठेवावं.

कुठूनही आणा, रात्री कुत्रा बाहेर साखळीला बांधून ठेवू नका. बिबट्या वाडीत येतो हे आपल्याला नवीन नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते.

मांजराचं वेगळं

मांजर विकत घेणं कोकणात अलीकडेच सुरू झालं. पर्शियनच्या लांब केसांचं आपल्या दमट हवेत काय होतं ते वर हस्कीबद्दल सांगितलंच, त्यात रोज विंचरण्याची भर. २०१७चे पैदाशीचे नियम फक्त कुत्र्यांचे आहेत, त्यामुळे घराघरांत चाललेल्या पर्शियनच्या पैदाशीला तो धरबंधही नाही. गावठी भाटी उंदीर धरते, फुरशाची चाहूल आपल्याआधी तिला लागते, आणि वाडीत एखादी तरी व्यालेली असतेच. मांजर विकत घेण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

मग दुकानांनी विकावं का?

माझं उत्तर नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू मधल्या विक्रेत्यामार्फत विकायला बंदी आहे. ज्याने वाढवलं त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि तेही जन्मल्या जागी, आईसोबत बघून. या कायद्याला लूसीचं नाव आहे. २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटका झालेली ही स्पॅनियल कुत्री. काचेमागचं गोंडस पिल्लू दिसतं, त्याची अशी आई दिसत नाही, म्हणून तिचं नाव. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून दुकानांना फक्त आश्रयगृहांतली कुत्री-मांजरं ठेवायची मुभा दिली. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानातली विक्री बंद केली.

दुकानं बंद केली तर धंदा फोनवर जाईल, हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणून नुसती बंदी पुरणार नाही, नोंदणी तपासणारं कुणीतरी जिल्ह्यात हवं. पण दुकानदाराचं पोट काही पिल्लांवर चालत नाही. खाद्य, पट्टे, शाम्पू, गोचिडीचं औषध यांचं गिऱ्हाईक दहा-बारा वर्षं त्याच्याकडेच येत राहतं. त्याने भिंतीवर एक फळा लावावा: कुठल्या वाडीत कुत्री व्याली आहे, पिल्लं किती दिवसांची, फोन कुणाला करायचा. पिल्लू आईजवळच राहील, दुकानात येईल तो फक्त पत्ता.

तुमच्यापुरतं म्हणाल तर असं. बाग राखायची आहे, घर वाडीत आहे, तर गावठीच घ्या. लॅब्राडॉरवर मुलांचा जीवच जडला असेल तर नोंदणीचा ब्रीडर शोधा, आई बघा, पिल्लाचे छप्पन्न दिवस पुरे होऊ द्या. मुलं मुंबईला आणि घरी दोघंच वयस्क असाल तर पिल्लाच्या मागे धावण्यापेक्षा नसबंदी झालेली दोन-तीन वर्षांची शांत कुत्री आणा. फक्त मेच्या सुट्टीपुरतं हवं असेल तर कृपा करून काहीच आणू नका. जूनमध्ये मुंबईच्या गाड्या गेल्या की फाटकाबाहेर उभी राहिलेली ती पिल्लं आम्हाला बघावी लागतात.

आणि घाई नसेल तर पाऊस जाऊ दे. दिवाळीनंतर वाडीतल्या कुत्र्या व्यायला लागतात, भाताच्या उडवीच्या आडोशाला, जुन्या गोठ्यात, कुणाच्या तरी पडवीत. मार्गशीर्षात एखाद्या सकाळी तिथे जा, थोडा वेळ नुसते बसा, आणि आई तुम्हाला जवळ येऊ देते का ते बघा.